मुखपृष्ठावरची बाई

दुपारच्या गाडीत मी खुनाची कादंबरी वाचत होते. धुक्यातून धावणारी आगगाडी आणि खुनी माणसावर जीव जडलेली नायिका, यांत मी अगदी रंगून गेले होते. मुखपृष्ठावर बर्थवर निपचित पडलेल्या तरुणीचं चित्र होतं.

समोर बसलेल्या मावशी हळूच म्हणाल्या, "ताई, ते चित्र जरा झाकता का? माझी लेक अशीच पडलेली दिसली होती मला. नवऱ्यानंच मारलं तिला. प्रेमाचं लग्न होतं."

मी ओशाळून पुस्तक पिशवीत टाकलं. परक्याच्या मरणाची इतकी गोडी का लागते आपल्याला? मावशी खिडकीबाहेरच्या उसाकडे बघत राहिल्या. शरमेनं माझी मान वर होत नव्हती, आणि तरीही मला विचारावंसं वाटत होतं, "कसं मारलं?"