थांबा, बाई बोलतेय

उजवा तळहात समोर धरायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "थांबा, बाई बोलतेय." फोनबूथवाल्या भाईंची ही खूण आमच्या खांदा कॉलनीत कोणाला माहीत नव्हती, सांगा!

बाई म्हणजे रेकॉर्डवरची हो. "मराठीसाठी एक दाबा" म्हणणारी. भाई आखातात टेलिफोनच्या कामावर होते. परत आल्यावर त्यांनी बूथ टाकला, त्यात एक जुना कॉम्प्युटर आणला आणि त्याला मोडेम जोडला. तो आपला आपणच नंबर फिरवायचा, एंगेज असला की ठेवून पुन्हा फिरवायचा, आणि लागला की बाई सांगेल ते आकडेही दाबायचा. पण यंत्राला कान कुठले? बाई किती बोलते ते भाई घड्याळ लावून मोजायचे आणि आकड्यांच्या मध्ये तेवढे स्वल्पविराम टाकायचे. एक स्वल्पविराम म्हणजे दोन सेकंद गप्प.

"भाभी, दुसऱ्याचं बोलणं होऊ द्यावं, हा लिहाज यंत्रालाही शिकवावा लागतो," म्हणायचे.

तेव्हा आमच्या ह्यांना एक जिना चढला तरी धाप लागायची. मुंबईच्या हॉस्पिटलात मोठ्या डॉक्टरांची वेळ फक्त फोनवर, सोमवारी सकाळी आठला, आणि मोजक्याच पेशंटना. चार सोमवार मी बोट दुखेपर्यंत नंबर फिरवला. नुसतं एंगेज. इथले डॉक्टर म्हणाले, "आता फार दिवस काढू नका." पाचव्या सोमवारी केसपेपर घेऊन मी बूथवर.

आठ वाजले. एंगेज. पुन्हा एंगेज. आठ-सातला लागला! भाईंचा हात वर. बाई सुरू झाली आणि थांबेच ना. "दीपावलीच्या आपणास व आपल्या परिवारास..." तिच्या शुभेच्छा चालू असतानाच यंत्राने एक दाबला, चार दाबला. "आपण चुकीचा पर्याय निवडला आहे." कट!

"आजच बरं सुचलं हिला!" मी रडवेली झाले.

"रागावू नका भाभी, दुआच देतेय ती." पण भाईंच्या कपाळावर घाम होता. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पुढे धरलं आणि बाईच्याच चालीत, तस्सा लाडिक आवाज काढून, सगळ्या शुभेच्छा म्हटल्या. बारा सेकंद. सहा स्वल्पविराम वाढवले.

एंगेज. एंगेज. सव्वाआठला लागला. भाईंनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि तळहात समोर धरला. शुभेच्छा संपल्या. एक दाबला गेला. थांबलं. चार दाबला गेला. थांबलं. मी श्वास रोखून त्या हाताकडे बघत उभी.

"हॅलो?" कानात आवाज आला. मी गप्प. "हॅलो, बोला! कोण आहे? ठेवतो हं."

"भाभी, बाई संपली! माणूस आहे तो, बोला!"

मी केसपेपरचा नंबर एवढ्या जोरात ओरडले की बाहेरचा रिक्षावाला वळून बघायला लागला.

"गुरुवारी दहाला या," तो माणूस म्हणाला. "एवढी एकच वेळ उरली होती."

ऑपरेशन नीट झालं. पुढे घरोघरी मोबाइल आले, बूथ बंद पडला. भाई गेले तेव्हा आमचे हे जनाज्याबरोबर कब्रस्तानापर्यंत चालत गेले, मध्ये कुठे बसले नाहीत.

परवा गॅसच्या सिलिंडरसाठी फोन लावला. बाई बोलायला लागली आणि माझा हात आपोआप वर झाला. समोर हे काहीतरी सांगत होते, ते चहाचा कप हातात धरून तसेच थांबले. बाईचं होईपर्यंत आम्ही दोघंही गप्प.