हैदराबादचं विमान सुटायच्या आत

ती दुपार विसरावी म्हटलं तरी विसरता येत नाही. घरी हा किस्सा सांगायला बसलो की बायको हमखास मध्ये बोलते, "आधी तुम्ही चहा पीत बसला होतात, ते सांगा." म्हणून तिथूनच सांगतो.

धाराशिव जिल्ह्यात, सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. बाराच्या सुमारास एक बाई आली. अंगणवाडीत मदतनीस. नवरा शारजात नोकरीला असताना दोन वर्षांपूर्वी तिथंच वारला. त्यानंतर ती तेव्हा चार वर्षांच्या मुलीला घेऊन नळदुर्गजवळच्या माहेरगावी परतली होती. सासू आणि दीर तिकडंच. मुलीचा जन्म तिकडचा, तिनं आमच्याजवळच वाढावं, असा त्यांचा हट्ट होता. आठ दिवसांपूर्वी तो दीर गावात आला होता. त्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्यानं मुलीला शाळेतून नेलं. शाळेतल्या बाईंनी आईला फोन करून विचारलं, "तुम्हाला माहीत आहे ना?" तिला माहीत नव्हतं. दिराचा फोन बंद.

मी म्हणालो, "सख्खा चुलता आहे. फिरवून आणेल. बसा, चहा घ्या."

तिनं चहाला हात लावला नाही. रडलीही नाही. "साहेब, पोरीचा पासपोर्ट इमानातनं उतरल्यापासनं दिराकडंच हाय. इमान उडालं की मला माझी पोरगी नुसती मोबाइलात दिसंल."

तरी मी चहा संपवला, हे कबूल करतो. मग नोंद करायला सांगितलं आणि आमच्या हवालदारबाईंना घेऊन तिच्या गावातच दिलेल्या नणंदेकडं गेलो. दीर तिच्याच घरी उतरला होता.

नणंद शिवणकाम करायची. बोलायला गोड आणि माझ्यापेक्षा शांत. "सोलापूरला नेलंय साहेब, कपडे घ्यायला. सांजच्याला येतील. भावजय उगंच भितीय."

मी उलटसुलट विचारलं. कुठलं दुकान, कुठली गाडी, जेवणार कुठं. तिची उत्तरं एकदाही चुकली नाहीत. चौकशीत आपण पक्के, असा माझा समज होता. अर्ध्या तासानं मी वही मिटली. मला ते सारं पटलं होतं.

हे कुटुंब मुस्लिम, आणि आमच्या हवालदारबाईंचं लहानपण मुस्लिम शेजारात गेलेलं. त्या शिलाई मशीनपाशी रेंगाळल्या. तिथं हिरव्या सॅटीनच्या कापडाची ताजी कातरलेली पट्टी पडली होती. त्यांनी घरच्यासारखं विचारलं, "आपा, इमाम जामीन नीट बांधला ना पोरीच्या दंडाला? सुटायचा न्हाय ना?"

"नीट बांधला की. अम्मीनं फोनवर दोनदा बजावलं..." एवढं बोलून ती थांबली.

लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाच्या दंडाला कापडात नाणं बांधून त्याला देवाच्या हवाली करतात, तो इमाम जामीन. हवालदारबाई हळूच म्हणाल्या, "आपा, सोलापूर तासाभरावर हाय. कपडे घ्यायला जाताना कोण बांधतं?"

नणंदेनं ती हिरवी पट्टी उचलून मुठीत धरली. आमच्याशी खोटं बोलताना तिला काही वाटलं नव्हतं, पण पोरीच्या रक्षणाची गोष्ट तिला नाकारता आली नाही. "हैदराबादहून सहाचं इमान हाय," ती म्हणाली.

दोन वाजून गेले होते. अपहरणाचा गुन्हा दाखल केला. आईकडं पासपोर्टची झेरॉक्स होती. ती आणि मुलीचा फोटो अधीक्षक कार्यालयामार्फत विमानतळावर पाठवला. त्यानंतर माझ्या हातात फोनकडं बघण्यापलीकडं काही उरलं नाही. विमानतळ आमच्या हद्दीत नाही, राज्यातही नाही. चार वाजले, साडेचार झाले. उत्तर नाही. आई बाकावर ताठ बसून होती. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायची आणि मग माझ्याकडं. रक्तदाबाची गोळी मी दोनदा घेतली.

पाच वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. तपासणीच्या रांगेत दोघं सापडले होते. पुढं चारच माणसं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आईच्या कडेवर होती आणि दीर माझ्यासमोर. इस्त्रीचा शर्ट, नमाजी माणूस. "साहेब, मी चोर न्हाय. भावाची एवढीच निशाणी हाय. तिला घरीच नेत होतो." तेवढ्यात टेबलावरचा त्याचा फोन वाजला. मीच उचलला आणि ठाण्यातून बोलतोय म्हणालो. पलीकडून म्हातारा आवाज आला, "साब, बच्ची कुछ खाई क्या?"

"खाई, अम्मा," एवढंच मला म्हणता आलं.

चोराला धाक दाखवता येतो, कारण आपण चोरी केली हे त्याला ठाऊक असतं. या माणसाला आपलं काही चुकलं असं वाटतच नव्हतं. नोकरीभर मी गुन्हेगारांना ओळखायला शिकलो. मायेपोटी पोर पळवणारा माणूस कसा ओळखायचा, ते मला त्या दिवसापर्यंत कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकलो तेही हवालदारबाईंकडून.

पुढं कोर्टानं मुलगी आईकडंच ठेवली. आजीशी शुक्रवारी व्हिडिओवर बोलायचं ठरलं. निकालानंतर आई ठाण्यात आली. जाता जाता तिनं विचारलं, "साहेब, परत न्यायला येतील का ओ?"

"नाही येणार," मी ठणकावून म्हणालो. ठणकावून बोलायची सवय होती, एवढंच.

तिनं मान हलवली आणि घड्याळ बघितलं. शाळा सुटायला अजून पाऊण तास होता. तरी ती निघाली.