आमच्या समितीचा सातवा प्रश्न

"स्पुटम थ्री प्लस," छातीच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. स्पुटम म्हणजे थुंकी, आणि थ्री प्लस म्हणजे तिच्यात जंतूच जंतू. "टीबी आहे, मॅडम. सहा महिने औषध घ्याल तर बऱ्या व्हाल. मधेच सोडाल तर माझ्याकडे रडत येऊ नका."

त्यावर मी काय बोलले ते आजवर कोणाला सांगितलं नाही. मी म्हटलं, "मला कसा होईल? मी प्राध्यापक आहे." डॉक्टरीणबाईंनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. वर्धा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी बी.ए.च्या पोरांना अमेरिकेचा इतिहास शिकवत होते. तीन महिने रोज संध्याकाळी अंगात कणकण असायची, ब्लाऊज ढगळ झाले होते, खोकला जाता जात नव्हता. मेडिकलवाल्याकडून बाटल्यांवर बाटल्या आणून प्यायले. रुमालात रक्त दिसलं तेव्हा दवाखाना आठवला. तुम्ही असा शहाणपणा करू नका. खोकला पंधरा दिवसांच्या वर टिकला की थुंकी तपासून घ्या, आणि आपण कोण आहोत ते त्या जंतूला सांगत बसू नका.

रक्त पडत होतं म्हणून मला भरती केलं. बायकांचा वॉर्ड, दोन्ही बाजूंनी खाटा, थंडीतही खिडक्या सताड उघड्या. टीबीला हवा खेळती लागते. स्टाफरूममधल्या मैत्रिणी एकदा आल्या आणि दारातूनच हात हलवून गेल्या. त्यांनी माझा चहाचा कप वेगळा काढून ठेवला होता, हे मला शिपायानं सांगितलं. त्या कपाचा राग अजून गेलेला नाही.

शेजारच्या खाटेवर रायवंता होती. कारंजाच्या जंगलाकडच्या गावची गोंडाची बाई, पस्तिशीची असेल, पण हाडांचा सापळा. तिला टीबी तिसऱ्यांदा उलटला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रेझिस्टन्ट आहे. म्हणजे नेहमीच्या गोळ्यांना जंतू दाद देत नाहीत. मग दुसरी औषधं लागतात, दीड-दोन वर्षं, सोबत सहा महिने रोज सुई. माझी औषधं सरकारी, फुकट. तिची तेव्हा सरकारात मिळत नव्हती. ती देणार कोण, तर आमच्या गावातली रुग्ण-साहाय्य समिती. आणि समितीनं नकार कळवला होता.

"काऊन दिला नकार?" मी विचारलं.

"बाई आलती घरी, कागद घेऊन," रायवंता म्हणाली. तिला एक वाक्य बोलायला दोनदा थांबावं लागे. "तिनं पुसलं, घरी दारू राह्यते का. म्या म्हटलं, राह्यते ना. मोहाची. आमच्या पेनाले लागते. पेन म्हंजे देव आमचा. पोरगी म्हणे, माय, नाई म्हण. आता देवासाठी ठेवलेलं, त्याले नाई कशी म्हणू?"

मी तोंड भिंतीकडे केलं. तो कागद मी लिहिला होता.

हे नीट सांगायला हवं. आमच्या अभ्यासक्रमात एक प्रकरण होतं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत झालेल्या समाजसुधारणांचं. एकीकडे रेल्वे आणि पोलादाच्या धंद्यात गबर झालेले मालक, दुसरीकडे परदेशातून आलेले मजूर, एका अंधाऱ्या खोलीत दोन-दोन कुटुंबं, आणि त्या खोल्यांत हाच माझा आजार. मग बऱ्या घरच्या बायका पुढे आल्या. त्या घरोघर भेटी द्यायच्या आणि वहीत नोंद करायच्या. चूल, अंथरूण, नवऱ्याचं काम, दारू. त्यावरून ठरायचं, हा गरीब मदतीला लायक आणि हा नालायक. याला त्या शास्त्रीय दानधर्म म्हणत. मला हे सगळं फार भारी वाटायचं. वर्षानुवर्षं मी त्या बायकांच्या कौतुकाच्या नोट्स पोरांना उतरवून दिल्या. आणि समितीनं मला चिटणीस केलं तेव्हा मी त्याच धर्तीवर नऊ प्रश्नांचा फॉर्म करून दिला. सातवा प्रश्न, घरात दारू असते काय? हो आलं की कागद बाजूला. आमचा जिल्हा दारूबंदीचा, कोणाला त्यात खटकण्यासारखं काही दिसलं नाही. उलट टाळ्या मिळाल्या.

नोट्समध्ये त्या सुधारक बायकांची नावं होती. कागद बाजूला पडला त्या घरांचं पुढं काय झालं, हे मी कधी शोधलं नाही. पोरांनीही विचारलं नाही, कारण परीक्षेत ते येत नव्हतं.

मी लगेच उठून काही केलं असेल असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नाही. मी अकरा दिवस गप्प राहिले. माझा ताप उतरत होता, भूक लागत होती, आणि शेजारी ती रोज थोडी आणखी खाली जात होती. रात्र-रात्र खोकायची. मी कानावर पांघरूण घ्यायचे. एकदा मीच तिला म्हटलं, पुन्हा अर्ज कर आणि नाही म्हणून सांग. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमी शिकवता ना पोरायले? मंग खोटं बोल म्हणून कशा सांगता?"

बाराव्या दिवशी दवाखान्याच्या दारातल्या एसटीडीवरून अध्यक्षीणबाईंना फोन केला. कापडाचं मोठं दुकान त्यांचं, बोलणं गोड. म्हणाल्या, "मॅडम, नियम तुमचाच आहे. एकाला सूट दिली की दानाची भीक होते, हे तुमचेच शब्द. मी तर माझ्या भाषणात घेते ते." शब्द माझेच होते. मी फोन ठेवला.

मग डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. वाटलं होतं, त्या समजूत काढतील. त्या केसपेपरवर लिहीतच म्हणाल्या, "मला तुमचा पश्चात्ताप नको. औषध पाहिजे. तिचं डावं फुप्फुस जातंय."

पुढच्या सोमवारी समितीच्या बायका फळं वाटायला यायच्या होत्या. नेहमीसारख्याच त्या व्हरांड्यात थांबल्या, नाकाला पदर, केळ्यांची टोपली आयाच्या हातात. त्या पाच जणी होत्या. पेशंट बायका, सिस्टर, नातेवाईक, सगळे बघत होते. मी तोंडाला रुमाल बांधून वॉर्डाच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, "केळं घ्यायच्या आधी आम्हीही थोडी चौकशी करतो. फॉर्म मीच लिहिलाय, पाठ आहे मला. अध्यक्षीणबाई, घरात दारू असते काय?"

त्या हसल्या. "हे काय मॅडम, तब्येत बरी नाई का?"

"तुमच्या साहेबांची बाटल्यांची पेटी नागपूरहून कोणाच्या गाडीत येते ते मी सांगू, की तुम्ही सांगता?"

मग दुसरीला विचारलं, मग तिसरीला. एकीनंही नाही म्हटलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. मान खाली घालून उभ्या राहिल्या. चौथी म्हणाली, "आमच्यात पाहुण्यांसाठी असते." मी म्हटलं, "हिच्याकडे देवासाठी असते." माझा आवाज फाटला आणि खोकल्याची उबळ आली. सिस्टरनं मला ओढत खाटेवर आणलं आणि सणसणीत रागावली.

त्याच आठवड्यात रायवंताचा अर्ज मंजूर झाला. समितीतून माझं नाव गेलं. अध्यक्षीणबाई आजही रस्त्यात दिसल्या की मान वळवतात, आणि मला त्यांचा आजही तितकाच संताप येतो. माझ्याबद्दलचा त्याहून जास्त येतो.

तुम्हाला वाटेल, रायवंता आनंदली असेल. ती सगळं ऐकत होती. मी धापा टाकत खाटेवर बसले तेव्हा तिनं एकच विचारलं. "तो सवाल तुमी लिवला?"

"हो."

तिनं कूस बदलली. माझी सुट्टी होईपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी दिलेली मोसंबी तिच्या टेबलावर सुकली.

सहा महिन्यांनी माझी थुंकी निगेटिव्ह आली, म्हणजे जंतू दिसेनात. सरकारी गोळ्या खाऊ घालणाऱ्या त्या सिस्टरचे आणि डॉक्टरीणबाईंचे मी मनापासून आभार मानते. समितीचे मानत नाही. दवाखान्यात तुमच्या उशाशी कोणी प्रश्नांचा कागद घेऊन आलं, तर आधी त्यालाच त्यातले प्रश्न विचारा. आणि कागद घेऊन जाणारे तुम्ही असाल तर जाऊच नका, औषध घेऊन जा.

कॉलेजात ते प्रकरण मी अजून शिकवते. जुन्या नोट्स फाडल्या. आता पोरांना पहिला प्रश्न देते, नालायक ठरलेल्या घरात पुढच्या हिवाळ्यात काय झालं असेल, लिहा. पोरं कुरकुरतात, गाइडमध्ये याचं उत्तर नाही म्हणतात.

दोन वर्षांनी तपासणीला गेले तेव्हा ओपीडीच्या बाकावर रायवंता भेटली. जगली होती. अंगावर थोडं मांस आलं होतं. डावं फुप्फुस कामातून गेलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, दोन महिने आधी औषध सुरू झालं असतं तर वाचलं असतं. मी तिच्या बाजूला बसले. ती सरकली नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही.

"रायवंता, चुकलं माझं," मी म्हटलं.

ती बोलायला वेळ घेत होती. आधी मला वाटलं, शब्द शोधते. ती श्वास जमवत होती.

"चुकलं तुमचं, मॅडम," ती म्हणाली, "अन् दम मले लागते."