थोरलीच्या खोळी

आमच्या सोप्यात चार वेताच्या खुर्च्या होत्या, आणि माणूस आलं की आधी थोरलीच्या मांडीवर बसायचं आणि मग माझ्या हातचा चहा प्यायचं. असं मी म्हणायचे. शेजारच्या साळ्यांच्या घरातली अक्का ते ऐकून तोंडाला पदर लावायची आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटून हसायची.

थोरली म्हणजे माझ्या नवऱ्याची पहिली बायको. पहिल्याच बाळंतपणात गेली, मूलही गेलं. मग वर्ष सरल्यावर मला आणली. मी नातेपुत्याकडची, शेतकऱ्याची लेक. बिजवर म्हटल्यावर आई जरा कुरकुरली, पण गिरणीच्या हापिसातला कारकून जावई म्हणजे बापाला आकाश ठेंगणं झालं. लग्नात मंगळसूत्राशेजारी माझ्या गळ्यात सोन्याची एक बोटभर पुतळी बांधली. ती सवतीची, तिच्या जागी मानायची. सणाला नवं लुगडं आलं की आधी त्या पुतळीला लावायचं आणि मग आपण नेसायचं. म्हणजे माझं कुठलंच लुगडं पहिल्यांदा माझं झालं नाही. घरात ती थोरली, मी धाकटी. पुढं मी वयानं तिच्या कितीतरी पुढं गेले, केस पिकले, तरी धाकटी ती धाकटीच.

एक वेळ पुतळी परवडली, ती बिचारी गळ्यात गप्प असायची. पण त्या खुर्च्यांवरच्या गाद्या! एक साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावात ह्यांनी त्या खुर्च्या घेतल्या होत्या. वेत मधोमध ढिला पडलेला. म्हणून थोरलीनं कापसाच्या चार गाद्या केल्या, दोसुतीच्या जाड कापडाच्या खोळी शिवल्या आणि त्यांच्यावर रेशमानं पोपट आणि गुलाब भरले. तिचं माहेर शहरातलं, शाळेत गेलेली, कुणा मडमेकडं भरतकाम शिकलेली. मला येत होतं गोधडीचा धावदोरा घालायला आणि भाकरी थापायला.

लग्नानंतर हळद निघते न निघते तोच सासूनं, म्हणजे आत्याबाईंनी, मला सोप्यात उभं केलं. "हे बग सूनबाई," म्हणाल्या, "कालवण बिघडलं तर मी बोलायची न्हाय. पर हितं डाग पडला तर माज्याशी गाठ हाय. तिच्या हातचं तेवढंच ऱ्हायलंय."

व्हय म्हटलं. काय म्हणणार दुसरं?

आता सोलापूरची धूळ ज्यानं खाल्ली नाही त्याला सांगून कळायचं नाही. उन्हाळ्यात सकाळी झाडलेल्या ओट्यावर दुपारी बोटानं नाव काढावं. रोज मऊ फडक्यानं त्या खोळी टिपायच्या. पुसायच्या नाहीत, टिपायच्या, नाहीतर रेशमाचा धागा उठतो. आठवड्याला खोळी काढून गाद्या धाब्यावर नेऊन उन्हात टाकायच्या, काठीनं झोडपायच्या, मग पालथ्या करून पुन्हा झोडपायच्या. हे काम मात्र मी मन लावून करायचे. आत्याबाई खालून ओरडायच्या, "अगं, कापूस हाय तो, दरोडेखोर न्हवं!" मी म्हणायचे, "धूळ लई बसलीया आत्याबाई," आणि आणखी दोन हाणायचे.

खोळी धुवायच्या तर त्याची वेगळीच तऱ्हा. आडाचं पाणी खारं, त्यात रंग मरतो. म्हणून नळाचं पाणी भरून ठेवायचं, रिठे भिजवून त्यांचा फेस करायचा, खोळ उलटी करून नुसती बुचकळायची. पिळायची नाही. पंच्यात गुंडाळून दाबायची आणि सावलीत वाळत घालायची. तेलाचा डाग पडला तर ज्वारीचं पीठ चोळून ठेवायचं, सकाळी झटकायचं. वर्षाकाठी पिंजारी यायचा, त्याच्याकडून कापूस पिंजून घ्यायचा, की बसून चपटी झालेली गादी पुन्हा फुगली. सवतीची गादी फुगवायची आणि आपण पाटावर बसायचं! गावभर लोक म्हणत होते, धाकटीनं काय जपलंय थोरलीचं, सोन्यासारखी पोर. अहो, सोनं कसलं, निखारा होता तो. कुणाला बोट ठेवायला जागा मिळू नये म्हणून जपत होते मी.

आणि खरी आग कशाची होती तेही सांगते. हे संध्याकाळी गिरणीतनं यायचे, टोपी खुंटीला अडकवायचे, आणि बसायच्या आधी खुर्चीच्या गादीवरून एकदा तळवा फिरवायचे. सावकाश, वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा. मी दारात चहाची कपबशी घेऊन उभी. माझ्या डोक्यावरून कधी असा हात फिरला नव्हता. मारलं नाही, रागावले नाहीत, उगाच कशाला खोटं बोलू? पण भाकरी कशी झाली, काही नाही. हुरड्याची चटणी केली, काही नाही. ताटातलं संपायचं, हात धुवायचे, बिडी ओढायचे. माणूस आहे की भिंत आहे! मला दुसरं काही नको होतं. माझ्या हातच्या कशाला तरी ह्यांनी एकदा तोंडानं चांगलं म्हणावं, बास. एवढ्यासाठी जीव अडकला होता माझा.

ते अक्काला कळलं. तिच्या घरी माग होते. लुगड्यांच्या काठाचं रंगीत रेशीम उरायचं, त्याच्या लहान लहान लडी तिनं मला आणून दिल्या. म्हणाली, "तू पन कर की. तिला दोन हात, तुला काय एक हाय?" दुपारी तिच्या ओसरीवर बसून तिनंच मला टाके शिकवले. पहिल्यांदा सगळं झालं ते कोंबडीनं उकरल्यासारखं. उसवलं, पुन्हा घातलं. बोटांची चाळण झाली. पोपट मी काढणार नव्हते, मेले तरी काढणार नव्हते. गुलाब मी पाहिला होता तो कुणाच्या तरी कोटाला. मग मला जे ठाऊक होतं ते काढलं, ज्वारीची कणसं. भरलेली, टपोरी, थोडी वाकलेली, पिवळ्यात पांढरा धागा मिसळून. चार खोळींवर चार. अक्काचा नवरा माग थांबवून बघायला आला आणि मान हलवून गेला. मला वाटलं, जिंकले.

पण घालू कुठं? थोरलीच्या खोळी निघाल्याशिवाय माझ्या कशा चढायच्या? धुवायला काढल्या तरी वाळेपर्यंत आत्याबाई नुसत्या गाद्या ठेवायच्या, त्यावर दुसरं काही चढवू द्यायच्या नाहीत.

भाद्रपदात अविधवा नवमी आली. सवाष्ण गेलेल्या बाईचा तो दिवस. तिच्या नावानं एक सवाष्ण जेवायला बोलवायची, ओटी भरायची, चोळी-बांगडी द्यायची. आत्याबाईंनी त्या वर्षी आळीतल्या आणखी चौघीजणी बोलावल्या, पोराबाळांसकट. आणि आदल्या दिवशी त्यांनाच धास्ती पडली. "पोरं पुरणाच्या हातानं खुर्च्यांवर चढतील गं. काढ त्या खोळी, ट्रंकंत ठेव. लिंबाचा पाला घाल मदी."

म्हणजे बघा, थोरलीच्याच दिवशी थोरली ट्रंकेत!

मी खोळी घडी करून ठेवल्या आणि माझ्या बाहेर काढल्या. "ह्या घालू का? डाग पडला तर माझ्याच हायत." आत्याबाईंनी एक खोळ उजेडात धरली. बराच वेळ बघितली. "तू कवा केल्यास?" एवढंच म्हणाल्या. पण घाल म्हणाल्या.

जेवणं झाली. बायका सोप्यात बसल्या, विडे खाल्ले, पोरांनी पुरण फासायचं ते फासलंच, पण फक्त एका कोपऱ्याला, ते मी लगेच ओल्या फडक्यानं काढलं. हे दुपारी येऊन, थोरलीच्या नावानं वाढलेल्या पानाला हात जोडून, आत जेवून परत कामावर गेले होते. सोप्यात बायका म्हणून मागच्या दारानंच आले-गेले, सोप्याकडं फिरकले नव्हते. मी संध्याकाळची वाट बघत बसले. केस विंचरले, कुंकू सारखं केलं. तुम्हांला हसू येईल, पण मुलगी दाखवायच्या दिवशी छाती धडधडली नव्हती इतकी त्या दिवशी धडधडत होती.

हे आले. टोपी अडकवली. तळवा फिरवला. आणि थांबले.

रोज थांबत नव्हते. त्या दिवशी थांबले, वाकले, कणसाच्या दाण्यांवरून बोट नेलं. आत्याबाई चौकटीत सुपारी कातरत उभ्या होत्या. मी त्यांच्या मागं.

"काय हात होता गं आई तिचा," हे म्हणाले. "दाणा न् दाणा भरलाय. मी कधी नीट बघितलंच नाही."

आत्याबाईंचा अडकित्ता तिथंच थांबला. त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं, बोलू नको अशा नजरेनं नव्हे, तर तुझं तू बघ अशा. दोन वर्षं ज्या शब्दांसाठी मी तडफडले ते शब्द आले होते, अगदी हवे तसे, आणि दुसरीच्या ओटीत पडले होते. म्हटलं, आता गप्प बसले तर जन्माची गप्प बसेन.

"त्या मी भरल्यात," मी म्हणाले.

"तू?"

"व्हय, मी. ज्वारीची कणसं हायत ती. शहरातल्या बाईला कुठली ठावं कणसं?"

हे ओशाळले. खोळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. चांगल्या झाल्यात म्हणाले का? कुठलं! कपाळाला आठ्या घालून आठवायला लागले आणि अगदी निर्मळ तोंडानं मला विचारलं, "मग तिच्या खोळींवर काय होतं गं?"

रोज ज्यावर हात फिरवला त्यावर काय होतं हे माणसाला ठाऊक नाही! नुसती धूळ झटकायची सवय, आणि मी त्या सवयीवर दोन वर्षं जळले.

"मोर व्हते की रं," आत्याबाई म्हणाल्या. मग त्याही घुटमळल्या. "मोरच का?"

"पोपट," मी म्हणाले. "दोन-दोन पोपट, समोरासमोर. तिसऱ्या खोळीवरच्या डाव्या पोपटाची चोच काळपट लाल, कारण तिथं तिचा धागा संपला आणि दुसरा लावला. गुलाबाला पाच पाकळ्या, एकालाच सहा. गाठी सगळ्या मागं, दाबून, एक दिसायची नाही. आणि चौथीवर एक पान अर्धं राहिलंय. पुढची पेन्सिलची रेघ तशीच हाय. तेवढ्यात तिचे दिवस भरले असतील."

आत्याबाई खाली बसल्या आणि रडायला लागल्या. हे खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते आणि ऐकत होते, परक्या कुणाच्या घरची हकीकत ऐकावी तसे. "अर्धं पान," एकदा म्हणाले. "मला माहीत नव्हतं."

अक्काला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, चला, सुटलीस, आता तुझा राग गेला असेल. कसला जातोय! उलट त्या दिवसापासून मी थोरलीवर दुप्पट जळायला लागले. तिचा टाका न् टाका सांगायला तिला सवत तरी मिळाली होती. उद्या मी गेले तर माझी कणसं ह्यांना कोण सांगणार होतं?