धुराचं पाणी

दादा गेल्याचा निरोप वाणगावला आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "मग भट्टीवर कोण आहे?" आज दोन महिने झाले, तरी हातातलं काम टाकून मी मध्येच उठते आणि कशासाठी उठले तेच आठवत नाही... हे दादाचंच दुखणं. घटकाभर एका जागी बसणं त्याला ठाऊक नव्हतं.

माझा हा थोरला भाऊ बोईसरजवळ कोळशाच्या भट्ट्यांवर मुकादम. कोळसा मुंबईला जायचा आणि धूर आकाशात. त्या धुराचा दादाला भारी राग. "सोनं उडून चाललंय, यमू!" शेवटी त्याने भट्टीला पत्र्याचं नळकांडं बसवलं, वर ओलं गोणपाट टाकलं, आणि धूर निवून खालच्या मडक्यात आंबट वासाचं काळं पाणी गळू लागलं. तळाशी डांबर बसे. ते तारापूरच्या काशिनाथ कोळ्याने होडीला लावलं, होडी टिकली. तिथे थांबावं की नाही? पण जाळं कुजू नये म्हणून कोळी ते ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवतात हे कळलं, आणि दादा म्हणाला, त्यापेक्षा यात बुडव.

"तुमी सांगता तर खरं असंल," म्हणत काशिनाथने नवंकोरं जाळं दिलं. दादाने घाईत डांबर वेगळं न करताच जाळं मडक्यात कोंबलं. नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्याच फेरीत, आंबट पाण्याने खाल्लेलं सूत तुटलं आणि मासळीसकट जाळं गेलं. काशिनाथ भांडला नाही. "होडीला लावा काय ते. जाल्याला आता हात नाय," एवढंच बोलला. ते दादाला फार लागलं.

शिंपल्यांच्या चुन्याने आंबटपणा मारायला तो शिकला. त्यातून उरणारी करडी भुकटी मुंबईचे कापड रंगवणारे मागून नेऊ लागले, लोक त्याला हुशार म्हणू लागले. त्याचं त्याला काहीच नव्हतं. दर वर्षी तो स्वतः एक जाळं विणी, चुन्याने धुतलेल्या डांबरात बुडवून तारापूरला नेई आणि काशिनाथ घेत नसे म्हणून तसंच परत आणी. मी चिडायचे, "पुरे की आता!"

महिन्यापूर्वी त्याची खोली आवरत होते, तर काशिनाथ दारात. खुंटीवरचं अर्धवट जाळं त्याने हातात घेतलं. "ताई, दादांनी खाडीत खांबाला एक जालं बांधून ठेवलं व्हतं. काल ओढून बगितलं. तुटत नाय. हे पुरं करून द्याल? त्या डांबरात बुडवून?"

मला त्याचा भयंकर राग आला. महिनाभर आधी यायला काय झालं होतं? मग रडूच कोसळलं.

काशिनाथच्या बायकोने मला जाळ्याची गाठ शिकवली. आता जाळं पुरं झालंय. पण बुडवायला डांबराच्या मडक्याजवळ जाते आणि परत फिरते... ते झाकण शेवटचं दादाने लावलंय.