काउंटच्या घरातला धाकटा

पुण्यात निवृत्त माणूस एकतर हास्यक्लबात जातो, नाहीतर परकी भाषा शिकतो. मला मोठ्यानं हसायची सवय नाही, म्हणून मी इटालियन शिकलो.

माझी भाची हिंजवडीत नोकरीला. तिच्याच कंपनीत आलेल्या एका इटालियन मुलाशी तिचं जमलं. ताईला मुलगा आवडला. दाजींनी मात्र वर्षभर घरात त्याचं नाव काढू दिलं नाही. दाजी खडकीच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. तिथल्या वसाहतीत क्वार्टर बघून हुद्दा कळायचा आणि हुद्दा बघून नमस्कार किती वाकून करायचा ते ठरायचं. एकदा भाची वैतागून बोलून गेली, की त्याचं घराणं काउंटांचं आहे. दुसऱ्या दिवशी दाजी कोथरूडला माझ्या दारात.

"अहो पंडित, काउंट म्हणजे नक्की कितवा?"

मी शिडी सांगितली. वर प्रिन्स, मग ड्यूक, मार्क्विस, काउंट, व्हायकाउंट, बॅरन. तळाशी नुसते खानदानी, पदवीवाचून.

"म्हणजे असिस्टंट मॅनेजर धरा."

"दाजी, तिथलं सरकार आता या पदव्या मानत नाही."

"आपलं तरी कुठं मानतं? म्हणून राजेसाहेबांना लोक मुजरा करायचे थांबले का?"

पत्रिकेवर मुलाच्या नावाआधी 'काउंट' छापायचं ठरवूनच ते उठले. लग्नाला होकारही त्याच दमात दिला.

मग मी उगाच पुस्तकं उघडली. बऱ्याच घराण्यांत पदवी फक्त थोरल्याकडे जाते. धाकट्यांनी आपण 'काउंटांच्या घरातले' एवढंच सांगायचं. भाचीला फोन केला.

"मामा, काउंट त्याचे काका आहेत. त्याचे बाबा धाकटे. प्लीज, माझ्या बाबांना सांगू नका ना. ते परत नाही म्हणतील."

त्यानंतर माझं कशात लक्ष लागेना. पेपर उघडायचो आणि तसाच घडी करून ठेवायचो. दाजींचा फोन वाजला, की आधी पाणी पिऊन घ्यायचो. लोकांच्या मोठेपणाची आयुष्यभर टिंगल केली, आणि आता एका मुलीचं लग्न त्याच खुंटीला टांगलेलं होतं.

पत्रिका छापायला जायच्या आधी ताईच्या घरी बसून मुलाच्या आईशी व्हिडिओवर बोलायचं ठरलं. तिला इटालियनखेरीज भाषा येत नाही. मुलगा समोरच बसला होता, पण दाजी म्हणाले, "त्याचं भाषांतर नको. तो त्याच्या सोयीचं सांगेल. पंडित, विचारा, घरात काउंट कोण?"

ती बाई मोकळेपणानं बोलत सुटली. थोरले दीर काउंट. तिचा नवरा धाकटा, त्याच्या वाट्याला काही नाही, मुलालाही नाही. भाची माझ्याकडे बघत होती. इटालियनमधून मराठीत येताना वाटेत काय हवं ते गाळता आलं असतं. मी बाई बोलली तसं सांगितलं.

ताईनं पोह्यांची बशी पुढे सरकवली, ती दाजींनी बाजूला ठेवली.

"विचारा, थोरल्या जावेपुढे यांना उभं राहावं लागतं का?"

मी विचारलं. बाई आधी हसली, मग हसायची थांबली. दिराकडच्या मोठ्या जेवणावळीत तिला टेबलाच्या खालच्या टोकाला, मुलांबरोबर बसवायचे. बरीच वर्षं बसली. आता जात नाही. सुनेलाही पाठवणार नाही.

दाजी मुलाकडे वळले. "आणि तू रे, तू कुठं बसायचास?"

"आईजवळ," तो मराठीत म्हणाला. एवढं त्याला येत होतं.

दाजींनी चष्मा काढून शर्टाला पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

"पंडित, त्यांना सांगा, आमच्याकडे विहीणबाई पहिल्या पंगतीला बसतात. भोवती रांगोळी काढून. आम्ही वाढतो."

पंगतीला इटालियनमध्ये काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. जमेल तसं सांगायला मी सुरुवात केली.