ऑर्फाची तक्रार

ऑर्फा स्टिल्टनरचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. बावीस वर्षं केंटकीच्या डोंगरात शाळेची बस चालवल्यावर माणसाचा पोरांवर काय विश्वास उरणार! निवृत्तीनंतर ती ऑस्टिओपॅथीच्या कॉलेजात खोटी पेशंट झाली. हातांनी चाचपून रोग ओळखणारे डॉक्टर तिथं घडत, आणि मेंदूविकारांच्या परीक्षेत ऑर्फा कागदावर लिहून दिलेला आजार बेमालूम वठवायची. कोण हात न धुता आलं, कुणी गुडघ्यावर हातोडी नुसतीच टेकवली, सगळं टिपून गुण द्यायची. पोरं तिला टरकून असत.

त्या दिवशी कागदावर अर्धशिशी होती, हातपाय ठणठणीत. सकाळपासून सहा जणांनी तिचं मनगट वळवलं, 'सगळं ठीक' म्हटलं आणि पुढं सरकले. सातवी केन्ली स्टर्जिल मात्र मनगट धरूनच बसली.

"मिस ऑर्फा, हात ढिला सोडा ना."

"ढिलाच आहे की! तुझंच डोकं आखडलंय."

"नाही हो, अडखळतंय. डाव्या हातानं मांडीवर थापट्या मारा बघू."

ऑर्फाचं डोकं सणकलं. गेल्या वर्षी याच खोलीत तिनं कंपवाताचं सोंग घेतलं होतं: अडखळत वळणारं मनगट, बारीक होत जाणारं अक्षर, सगळं. म्हणजे जुना कागद या पोरीच्या हाती लागला तर! आणि चेहरा बघा, किती भोळा.

परीक्षा संपताच तिनं तक्रार खरडली आणि परीक्षा घेणाऱ्या डॉ. मलिन्सबाईंच्या टेबलावर आपटली.

"पेपर फुटलाय, टॅमी. त्या स्टर्जिलच्या पोरीला घरी धाड."

चोरी ठरली असती तर केन्लीचं डॉक्टर होणं तिथंच संपलं असतं. मलिन्सबाईंनी तक्रार दोनदा वाचली.

"अक्षर इतकं बारीक कधीपासून काढायला लागलीस गं?"

"विषय बदलू नकोस."

बाईंनी तिचं उजवं मनगट हातात घेतलं आणि सावकाश फिरवलं.

"सोंग पुरे आता, ऑर्फा."

"मी काहीच करत नाहीये!"

बाईंनी हात सोडला नाही. मनगट थांबत थांबत, दातेरी चाकासारखं वळत होतं. आता ते ऑर्फालाही दिसलं. तिनं तक्रार ओढून घेतली, चुरगाळली.

टेबलावर सकाळच्या सहा जणांच्या गुणपत्रिका पडल्या होत्या. सहाही जणांना तिनं पैकीच्या पैकी गुण दिले होते.